चौथ्या मांडणीवरचं गाणं

राज्यातली तरुणाई बदलली, अशी पानभर बातमी रविवारच्या पुरवणीत आली तेव्हा मंजुषाला हसू आवरेना. कारण ती तरुणाई कुठं राहते ते तिला ठाऊक होतं. गारखेड्यात, एका पिठाच्या गिरणीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, सहा मांडण्यांवर.

मांडणी हा शब्द तिथं कामाला असलेल्या बायकांनीच पाडला होता. घरात भांडी लावतात तसल्याच लोखंडी मांडण्या, फक्त भांड्यांच्या जागी मोबाईल. एका मांडणीवर चाळीस. प्रत्येकाला चार्जर, प्रत्येकात कुणाच्या तरी नावाचं खातं, आणि प्रत्येकावर सकाळपासून गाणी चालू, आवाज बंद करून. आवाज ठेवला असता तर बायका पहिल्याच आठवड्यात वेड्या झाल्या असत्या. आणि गाणं कुणाच्या कानात गेलं की नाही याच्याशी त्या धंद्याला काही देणंघेणं नव्हतं. गाणं वाजल्याची नोंद अ‍ॅपवर झाली की गाणं यादीत वर चढायचं. मंजुषा फुगलेल्या बॅटऱ्या काढायची, अडकलेले फोन पुन्हा चालू करायची, आणि घरी विचारलं तर डाटा एन्ट्री म्हणून सांगायची.

पुण्याच्या 'काळा कातळ' नावाच्या बँडचं 'सुटलोय' हे गाणं तीन आठवडे मराठी यादीत पहिलं होतं. सहापैकी तीन मांडण्या दिवसभर तेच दळत होत्या. पुरवणीत एका प्राध्यापकानं लिहिलं होतं, की रॉक परत आला ही साधी गोष्ट नव्हे. गुळगुळीत गाण्यांना विटलेली ही पिढी आता स्वतःचा संताप गिटारमधून शोधते आहे. मंजुषानं चहाबरोबर ते सगळं वाचलं. सर, तुमच्या पिढीची बॅटरी मी परवाच बदलली, असं ती मनातल्या मनात म्हणाली आणि कप विसळायला उठली.

पण तेच पान तिच्या भावानं कापून कपाटाच्या दारावर चिकटवलं, तिथं मात्र तिचं हसू आटलं.

अभय तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. डिप्लोमा केलेला, शेंद्र्याच्या एका कंपनीत वर्षभर शिकाऊ म्हणून राबलेला, आणि संध्याकाळी मित्राच्या पत्र्याच्या खोलीत गिटार बडवणारा. सोमनाथ ड्रमवर, हा गिटार घेऊन गाणार, आणि बँडचं नाव 'डबर'. दोन वर्षं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पोरं दुसऱ्याच मिनिटाला ओरडायची, ए, बंद कर ते, डीजे लाव. अभयनं एक गाणं केलं होतं, 'आठवा दिवस'. या शहरात नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, त्या आठव्या दिवसाची वाट बघणाऱ्या घराचं गाणं. गाणं कसं होतं ते मंजुषाला कळत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं, की अ‍ॅपवर चढवल्यावर महिनाभरात ते एकसष्ट वेळा वाजलं आणि तिचा भाऊ भिंतीकडं तोंड करून झोपायला लागला.

तेव्हा तिला दया आली. एक तारखेला, साहेब खाली गेलेले बघून, तिनं ते गाणं चौथ्या मांडणीवरच्या चाळीस फोनांत इतर गाण्यांच्या मधेमधे घुसवलं. पोरगं जरा हसेल, एवढाच हिशेब.

पोरगं नको इतकं हसलं. बारा तारखेला गाणं शहराच्या यादीत सातवं होतं, अठराला तिसरं. कुठल्या गावात किती वेळा वाजलं ते अभयला मोबाईलवर दिसायचं. जालना, परभणी, नांदेड, लातूर. तो गावांची नावं देवळातल्या पुजाऱ्यासारखी रोज सकाळी म्हणायला लागला. नांदेडच्या एका मुलीनं खाली लिहिलं होतं, की तिच्या वडिलांनी हे गाणं ऐकून पहिल्यांदाच तिच्याकडून हेडफोन मागून घेतला. अभयनं ते घरात सगळ्यांना तीनदा वाचून दाखवलं.

आणि वीस तारखेला शेंद्र्याहून पत्र आलं. कायम केल्याचं. येत्या सोमवारी हजर व्हायचं, नाही झालं तर पुढच्याचं नाव.

त्यांचे वडील कचरू वाळूजमध्ये एकतीस वर्षं कंत्राटावर राबले. तीन कंपन्या, अकरा ठेकेदार, आणि कायम हा शब्द त्यांनी फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेला. त्यांनी पत्र दोन्ही हातांनी धरलं, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवलं, आणि बजाजनगरच्या त्या गल्लीत एकही दार सांगायचं सोडलं नाही. पेढे वाटून ते घरी आले तेव्हा अभय म्हणाला, "पप्पा, मी नाय जाणार."

कचरूंना वाटलं, सोमवारी नाही, मंगळवारी जाणार.

"जाणारच नाय. जमाना बदललाय पप्पा. पेपरात आलंय. लोकं आमचं ऐकायलेत. आता नाय केलं तर कवाच नाय होणार."

कचरूंनी हातातला पेढ्यांचा रिकामा पुडा खाली ठेवला. ओरडले नाहीत, तेच वाईट झालं. मंजुषाकडं वळून एवढंच म्हणाले, "तू सांग त्याला. तुझं ऐकतो."

पाच वर्षांपूर्वी हेच वडील घरापुढच्या ओट्यावर बसून तिला म्हणाले होते, की दोघांचं शिक्षण झेपायचं नाही, तू समजून घे. ती समजदार निघाली. एम. कॉम.चा फॉर्म तिनं स्वतःच्या हातानं फाडला आणि अभय डिप्लोमाला गेला. तिनं त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. पण माणूस बोलला नाही म्हणजे विसरला असं नसतं. त्या डिप्लोम्यावर मिळालेली कायम नोकरी हा पोरगा आता लाथाडत होता, आणि तेही कशाच्या जोरावर, तर तिनंच गुपचूप लावलेल्या चाळीस फोनांच्या.

शुक्रवारी दुपारी साहेब बाहेरगावी होते आणि बरोबरची रूपा डबा खायला खाली गेली होती. मंजुषानं अभयला फोन करून बोलावून घेतलं.

तो आत आला आणि दारातच थबकला. अडीचशेच्या आसपास पडदे चमकत होते आणि खोलीत पंख्यांशिवाय आवाज नव्हता.

"हे काय हाय?"

"तुझा बदललेला जमाना," मंजुषा म्हणाली. "ये, भेट घे."

तिनं त्याला पहिल्या तीन मांडण्यांवरचं 'सुटलोय' दाखवलं. तो हसला. पुण्याचे लोक लबाड निघाले, याचा त्याला आनंदच झाला. मग तिनं त्याला चौथ्या मांडणीपुढं उभं केलं. सहा-सात पडद्यांवर त्याच्याच गाण्याचं चित्र होतं, सोमनाथनं काढलेला कोरडा नळ. गाणं सरकत होतं, आवाज नव्हता.

अभयला समजायला वेळ लागला. मंजुषानं तो वेळ त्याला दिला. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या मिनिटात तिला बरं वाटलं. पाच वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून बाजूला झाल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाज तिला तेव्हा वाटली नाही.

"तू लावलं?"

"मीच. एक तारखेला. तू तोंड पाडून बसला व्हता म्हणून."

"पण नांदेड, लातूर..."

"सिमकार्डं कुठलीबी असत्यात. फोन कुठं हाय म्हणून सांगायचं ते आपल्या हातात असतं. उद्या तुला लंडनला वाजवून दाखवते."

तो मांडणीचा गज धरून उभा राहिला. मग अगदी हळू आवाजात, जणू मोठ्यानं विचारलं तर उत्तर बदलेल, त्यानं विचारलं, "आणि ती पोरगी? वडिलानं हेडफोन मागितला म्हणली ती?"

आता इथं मंजुषाला थांबता आलं असतं. त्या ऑफिसात कॉमेंटही लिहिल्या जायच्या, रूपा एका दुपारी दीडशे लिहायची. पण अभयच्या गाण्याखाली कुणी काही लिहिलं नव्हतं, हे मंजुषाला पक्कं माहीत होतं. तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. ती मुलगी कोण होती कुणास ठाऊक. असेल एखादी, तिनं मनात म्हटलं, एकीनं काय होतंय. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, आणि मंजुषा दोन वर्षं त्या खोलीत बसून होती.

"रूपानं लिहिलं," ती म्हणाली. "चांगलं लिहिते ती."

अभयनं मान हलवली. रडला नाही, भांडला नाही. जिना उतरताना त्यानं एकदा विचारलं, "मग खरं कितीजणांनी ऐकलं असंल?" आणि ती म्हणाली, "एकसष्ट. त्यात वीस वेळा तूच." हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. पण जीभ एकदा सैल सुटली की तिला दावं सापडत नाही.

शनिवारी त्यानं गाणं अ‍ॅपवरून काढून टाकलं. सोमनाथ घरी येऊन शिव्या देऊन गेला, शहरात लोक आपल्याला ओळखायला लागलेत म्हणाला, आणि अभय त्याच्याकडं कीव आल्यासारखा बघत राहिला. खरं काय ते त्यानं सोमनाथलाही सांगितलं नाही. बहिणीची नोकरी जाईल म्हणून. सोमवारी पहाटे कंपनीच्या बसनं तो शेंद्र्याला गेला. कचरू बस सुटेपर्यंत रस्त्यावर उभे होते. गिटार कपाटामागं गेली आणि कपाटावरचं कात्रण कुणी काढलं ते कुणी विचारलं नाही.

घर शांत झालं. मंजुषाची आई रत्नमाला म्हणाली, पोरगं वळणावर आलं. मंजुषालाही तसंच वाटत होतं, आणि तिला झोपही चांगली लागत होती.

महिनाअखेरीला गाण्याच्या अ‍ॅपवाल्यांची यादी आली. खोटे ऐकणारे हुडकून ते त्यांची खाती बंद करायचे, आणि कुठली खाती कधी बंद पडली ते महिना संपत आला की कळायचं. तोवर फोन आपले चालूच; गाणं सरकत राहायचं, फक्त नोंद होत नसे. रूपा यादी घेऊन एकेक मांडणी तपासत होती.

"अगं, ही चौथी तर पार मेलेली हाय," रूपा म्हणाली. "दोन तारखेपासून. चाळीसच्या चाळीस. महिनाभर फुकट लाईट जाळली आपण."

"कुठल्या दोन तारखेपासून?"

"ह्याच महिन्याच्या. एक बी गाणं मोजलं नाय त्यांनी. सायेब आता बोंबलत्याल."

मंजुषानं यादी तिच्या हातून घेतली आणि स्वतः वाचली. मग पुन्हा वाचली. एक तारखेला तिनं गाणं लावलं आणि दोन तारखेला मांडणी मेली. बारा तारखेला सातवं, अठराला तिसरं. ते मांडणीनं केलं नव्हतं. जालना, परभणी, नांदेड, लातूर, तिथं खरोखरीची माणसं होती, खऱ्या कानांची, आपापल्या घरात नळाकडं बघत बसलेली. प्राध्यापकाचं पुण्याच्या बँडबद्दल चुकलं असेल, पण पिढीबद्दल चुकलं नव्हतं. चुकली होती ती मंजुषा, जिला सगळं आतून माहीत होतं. तिनं स्वतःच्या भावाचं खरं यश त्याच्यापुढं खोटं म्हणून मांडलं होतं, आणि त्यानं ते तिच्या शब्दावर स्वतःच्या हातानं पुसलं होतं.

त्या दिवशी ती लवकर निघाली. रिक्षात बसल्यावर तिनं मनाशी पक्कं केलं, की सांगायचं. गाणं पुन्हा चढवायला एक बटण पुरतं. माफी मागायची, रूपाचं नाव खोटं घेतलं तेही सांगायचं. गारखेड्यापासून बजाजनगरपर्यंत तिनं पहिलं वाक्य चार वेळा जुळवलं.

अभय पहिल्या पाळीहून नुकताच आला होता. अंगावर कंपनीचा करडा शर्ट, हातात चहाचा कप आणि पाव. कचरू दारात खुर्ची टाकून बसले होते; हल्ली ते तिथंच बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्यानं पोराची पाळी विचारावी म्हणून. मंजुषा चप्पल काढून आत आली तर अभयच म्हणाला, "ताई, एक इचारायचं व्हतं."

"इचार."

"आमच्या बसमधी एक वेल्डर हाय, जालन्याकडचा. मागच्या सीटवर बसतो. आज तो 'आठवा दिवस' म्हणत व्हता."

मंजुषानं खांद्यावरची पर्स खुंटीला अडकवली.

"सुरवातीचं नाय, तिसरं कडवं. 'पाणी आलं तवा आम्ही कामावर व्हतो', ते. डोळे मिटून म्हणत व्हता. मग मला म्हणला, हे गाणं मोबाईलवरून कुठं गायब झालं, लई हुडकलं, तुला सापडलं तर सांग. मी म्हणलं, मला नाय माहीत असलं गाणं." त्यानं पाव मोडला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मशीनबद्दल काही अडलं की जुन्या कामगाराला विचारावं, तसं त्यानं विचारलं, "तुमचं ऑफिस बसमधी पण माणसं बसवतं का?"

जुळवलेलं वाक्य तिच्या जिभेवर होतं. नाही, एवढा एक शब्द म्हणायचा होता, पुढचं आपोआप बाहेर पडलं असतं. दारातून कचरूंची पाठ दिसत होती. पण तिनं नंतर स्वतःला कितीही सांगितलं, तरी ती वडिलांसाठी अडली नाही. नाही म्हटल्यावर तो वर बघेल आणि विचारेल, मग ती नांदेडची पोरगी? आणि त्या वेळचा त्याचा चेहरा तिला बघायचा नव्हता. एवढ्याचसाठी अडली.

"व्हय," मंजुषा म्हणाली. "बसवतो कधीकधी."

"मला वाटलंच," अभय म्हणाला. त्यानं पाव चहात बुडवला, खाल्ला, आणि कप खाली ठेवला.

"त्याला सांग ताई, लई मनापासून म्हणतो."