तांब्याची लखलखीत नळी

दुसरी मोठी लढाई संपून वरीस झालं होतं. ईट गावाजवळच्या माळावर जहागीरदारांचा बंगला होता आणि जहागीरदार हैदराबादेत होते. वर्षातून चार दिवस ते यायचे. उरलेलं वरीस इरम्मानं बंगला झाडायचा. मागच्या शेडात बिराप्पा बंगल्याला वीज देणारं तेलाचं इंजिन चालवायचा. इंजिनापाशी बसून बसून त्याचे कान गेलेले, त्यामुळं त्याच्याशी बोलायचं म्हणजे गावभर दवंडी.

राहिलं थंडीचं कपाट, म्हणजे जहागीरदारांचा फ्रिज. इंजिन चालू असलं की ते घुंघुं करायचं आणि इरम्मा त्याला सुखदुःख सांगायची. ते उलटून बोलत नसे, हा त्याचा मोठा गुण.

चैत्रात कपाट थंड होईना. हैदराबादेहून मल्लिनाथ मिस्त्री आला. कपाट सुधारलं न्हाय तर ते हैदराबादेला परत जाणार, आणि चूक बंगल्यातल्या माणसाची निघाली तर माणूसही कामावरून जाणार, हे त्यानं चहाच्या आधीच सांगून टाकलं.

मग त्यानं एक दिवा पेटवला. ज्योतीत तांब्याची पट्टी लाल तापलेली, दिव्याला हवा ओढणारी रबरी नळी. तिचं तोंड तो कपाटामागं फिरवू लागला.

"ह्यात फ्रिऑन असतंय, मावशी. कोळशातल्या कार्बनला क्लोरीन आन फ्लोरीन जोडून केलेला वायू. वास न्हाय, रंग न्हाय, एरवी गरीब गाय. पण तापल्या तांब्याला लागला की फुटतो आन ज्योत हिरवी होती."

एका जोडापाशी ज्योत हिरवीगार झाली. डोळे चुरचुरले.

"खिडकी उघडा! फुटला की तेजाब होतंय त्याचं."

मल्लिनाथनं वाकून पाहिलं. बाकीच्या नळ्या काळवंडलेल्या. हाताला येणारी ही एकच देवाच्या तांब्यासारखी लखलखत होती.

"रोज घासून घासून हालली, जोडाला चीर पडली. कुणाचं काम? बिराप्पाचं?"

हो म्हटलं असतं तरी बिराप्पाला ऐकू गेलं नसतं.

"माझं," इरम्मा म्हणाली. "चिंच आन राख. तांबं हाय, काळं कसं ठिवू?"

मल्लिनाथला हसू आलं. "अशी नळी हैदराबादेतबी न्हाय पाहिली." मग गंभीर होऊन म्हणाला, "साहेबांना कळवावं लागंल."

"कळवा."

त्यानं जोडाला डाग देऊन चीर बुजवली, वायू भरला आणि दुपारच्या टांग्यानं निघून गेला.

कपाट पुन्हा घुंघुं करू लागलं. साहेबांच्या कानावर जाऊन हुकूम यायला आठ-दहा दिवस. इरम्मा पाट ओढून कपाटापुढं बसली, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, त्याला काय सांगावं ते तिला सुचेना.