गरमागरम कोट

थंडीत आपला कोट आधी दुसऱ्या कुणीतरी थोडा वेळ घालून द्यायचा असतो, असं मी बरीच मोठी होईपर्यंत समजत होते. एकदा मैत्रिणीच्या घरून निघताना मी तिच्या वडिलांच्या हातात कोट दिला आणि वाट बघत उभी राहिले. त्यांनी तो पुन्हा खुंटीला टांगला. तेव्हा कळलं, हा उद्योग फक्त आमच्याकडेच चालतो.

उद्योग बाबांचा. ते सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवायचे. पहिला खेळ दुपारचा, त्यामुळे सकाळी घरात निवांत असे ते एकटेच. आई बालवाडीत शिकवायला जायची, मी शाळेत. आमची धांदल चाललेली असताना बाबा आईचा कोट अंगात चढवून चहा गाळत असायचे. बाह्या कोपरापर्यंत, पाठीची शिवण आता उसवते की मग. माझा कोट त्यांच्या अंगात शिरणं शक्यच नव्हतं. तो पोटाशी कवटाळून ते पेपर वाचायचे. आम्ही निघालो की एकेक कोट पुढे धरून म्हणायचे, "घ्या, गरमागरम!"

"उसवला तर तुम्हीच जा तो घालून बालवाडीत," आई म्हणायची. पण बाहीत हात घालताना तिचे डोळे क्षणभर मिटायचे.

बाबांचा कोट कुणी गरम करून दिला नाही. ते निघायचे तेव्हा घरात कुणी नसायचं.

उन्हाळ्यात बाबा गेले. तेव्हापासून आई जिना उतरली नव्हती. भाजी दारात येते, औषधं दारात येतात, मग मी कशाला जाऊ, हा तिचा सवाल. "तिला बाहेर काढ गं, नाहीतर एकदा गुडघे धरले की कायमची बसेल," मावशी मला फोनवर बजावायची. मलाही ते दिसत होतं. आई हल्ली खिडकीतून रस्ता बघायची, तोही पडद्याच्या फटीतून, उसना घेतल्यासारखा. थंडी पडली तसं मी मनाशी ठरवलं, हा हिवाळा सरायच्या आत आईला जिना उतरवायचा.

"चल ना, वाचनालयापर्यंत ये माझ्याबरोबर. ऊन मस्त आहे."

"कोट गार असतो," आई म्हणाली.

एवढंच ना? दुसऱ्या दिवसापासून मी तिचा कोट घालून चहा प्यायला लागले. माझी उंची बाबांची, त्यामुळे दृश्य साधारण तेच. निघताना कोट तिच्यापुढे धरायचे. ती बाहीवरून हात फिरवायची, "उद्या बघू" म्हणायची, आणि कोट खुंटीवर जाऊन पुन्हा गार व्हायचा. असे बरेच उद्या झाले.

त्या सकाळी मला आधीच उशीर झाला होता, त्यात आईनं वाद काढला.

"केस ओले घेऊन निघालीस?"

"वाळतील."

"वाळतील कसले, गोठतील. टोपी घाल."

"टोपीत मी बरणीसारखी दिसते."

"बरण्या सर्दीनं शिंकत तरी नाहीत!"

मी टोपी कानांवर ओढली आणि जिना उतरले. रस्त्यावर आले आणि सगळा वैताग पळाला. हिवाळी सकाळ मला आवडते. माणसांच्या तोंडातून वाफ निघते, त्यामुळे कोण नुसतं चाललंय आणि कोण मनातल्या मनात भांडतंय, ते लांबूनही कळतं. फुटपाथच्या सावलीतल्या बाजूला चिटपाखरू नसतं आणि उन्हाच्या बाजूला धक्के खात चालावं लागतं. बेकरीच्या दारापाशी सगळ्यांचीच चाल मंदावते, घ्यायचं काही नसलं तरी. माझीही मंदावली. कोट जरा तंग वाटला. जाड स्वेटर घातलाय म्हणून असेल, असं मी धरून चालले.

वाचनालय सकाळी मी उघडते. थंडीत आमच्याकडे गर्दी वाढते. वाचनाची गोडी वाढते म्हणून नाही, हीटर आहे म्हणून. दारात नेहमीचे दोघं हजर होते: निवृत्त वकीलसाहेब आणि शब्दकोडंवाल्या काकू. मी किल्लीसाठी खिशात हात घातला. हाताला शेंगांची टरफलं लागली.

मग मी खाली बघितलं. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर होत्या.

"काय झालं?" वकीलसाहेबांनी पाय आपटत विचारलं.

"किल्ली माझ्या कोटात राहिली."

"आणि हा कोणाचा?"

"आईचा."

"चोरीचा माल अंगावर, आणि कबुलीही दिलीत," ते म्हणाले. "आता मी काय बाजू मांडू?"

मी घरी फोन लावला. "आई, मी तुझा कोट घालून आले."

"बघितलं खिडकीतून. हाक मारली, पण टोपीत कान झाकलेले."

"किल्ली माझ्या कोटाच्या खिशात आहे. दोघं थंडीत ताटकळलेत. थांब, मीच येते परत."

"कोण दोघं?" तिनं विचारलं.

"वकीलसाहेब आणि काकू. काकूंनी हातमोजे पण आणलेले नाहीत."

"बटणं लागतात का तुला त्या कोटाची?"

"एकही नाही."

"म्हणजे उघड्या छातीनं परत एवढं चालणार. थांब तिथंच," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

थांब म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नाही. खालच्या वहिनींच्या हाती किल्ली पाठवणार असेल, असं मी स्वतःला समजावलं. समोरच्या इमारतीवरून ऊन हळूहळू आमच्या बाजूला यायला लागलं होतं, आणि आम्ही तिघं त्याला सामोरं जायला एकेक पाऊल सरकत होतो. काकू आठ अक्षरी शब्द विचारत होत्या. माझं लक्ष वळणाकडे.

वळणावर आधी माझा कोट दिसला. तो जवळजवळ जमिनीपर्यंत आला होता, आणि वरच्या टोकाला आईचं डोकं होतं. ती भिंतीला एका हातानं धरत, पण उन्हाच्या बाजूनं येत होती. मी पुढे धावले नाही. धावले तर ती मागे फिरेल, असं काहीतरी वाटलं.

"किती ते जड!" पोहोचताच ती म्हणाली. "दगड शिवलेत का आत?" मग तिनं वकीलसाहेबांना नमस्कार केला, काकूंच्या हातात स्वतःचे हातमोजे दिले आणि कोट काढून माझ्यापुढे धरला.

"घे. गरमागरम."

मी तिचा काढून तिला दिला. आतून तो माझ्या अंगाइतकाच ऊबदार होता. बाहीत हात घालताना तिचे डोळे मिटले. मी किल्ली घेऊन दाराकडे वळले; कुलूप थंडीत जरा अडतं, ते बरंच झालं.

मागे वळले तेव्हा आई तळहातावरची टरफलं बघत होती. बाबा निवृत्त झाल्यावर थंडीत ते दोघं रोज संध्याकाळी कोपऱ्यावर शेंगा खायला जायचे. रस्त्यावर कचरा टाकला की बाबा ओरडत, म्हणून टरफलं आईच्या खिशात. स्वतःच्या खिशात का नाही, हा तिचा जुना प्रश्न होता.

"मागच्या हिवाळ्यातली," ती म्हणाली.

"टाकू का? आत डबा आहे."

"राहू देत." तिनं ती परत खिशात ठेवली आणि आत येऊन हीटरजवळची खुर्ची पकडली, वकीलसाहेबांची नेहमीची. ते शेजारच्या खुर्चीत बसले. "शेंगावाला अजून बसतो का गं कोपऱ्यावर?"

"बसतो. संध्याकाळी."

"मग पाचच्या सुमाराला घरी ये आणि माझा कोट घालून बस जरा," आई म्हणाली. "आणि टरफलं या वेळी तुझ्या खिशात."