पुराची रेघ

रेराची, म्हणजे घर-प्लॉटांच्या एजंटाची परीक्षा मी लालासाहेबाला बुडवायला दिली. लोक पोटासाठी देतात, देऊ देत.

सांगलीत कृष्णेकाठचं उसाचं रान सपाट करून त्यानं प्लॉट पाडले. त्यातला एक आमच्या अब्बांनी, इलाही गादीवाल्यानं, जन्माची पुंजी घालून घेतला. घर बांधलं, खाली गाद्यांचं दुकान टाकलं आणि पूर आला. भिजलेला कापूस कसा वास मारतो ते ज्यानं फावड्यानं ओढलाय त्यालाच ठाऊक. लालासाहेबाकडं गेलो तर म्हणाला, "नदी मी सोडली व्हय?" आणि चहा सांगितला. तो चहा अब्बांनी पिला, याचा मला आजही राग आहे. आता ते दुसऱ्याच्या दुकानात गाद्या शिवतात.

परवाना हातात आला तसं मी त्याच घराच्या कट्ट्यावर टेबल मांडलं. महिनाभर कुत्रं फिरकलं नाही. मग लालासाहेबच आला.

"नूरीन, एजंट झालीस म्हणं. झ्याक झालं. आटपाडीचं गिऱ्हाईक हाय, नाथाजी, रिटायर हवालदार. शेजारचे माझे तीन प्लॉट घेतोय. ऱ्हायला बांधीव घरबी पायजे त्याला. तुमचं दिऊन टाकू. सौदा तुझ्या नावानं."

तो आटपाडीचीच माणसं का धरतो ते मला कळत होतं. टँकरमागं धावण्यात जन्म गेलेला माणूस "नदी किती लांब?" विचारतो, तेव्हा त्याला ती जवळ हवी असते. आमच्याकडचा माणूस तेच विचारतो तेव्हा त्याला ती लांब हवी असते.

अम्मीनं घरभर पिस्ता रंग काढून घेतलेला. पुराचा डाग त्याखाली गेला होता. जेवताना म्हणाली, "तू गप ऱ्हा. घर जाऊ दे आधी. मग घाल त्याला काय शिव्या घालायच्यात त्या."

"आणि तो हवालदार?"

"त्याचं तो बघंल. आपलं कुणी बघितलं हुतं?"



रविवारी नाथाजी आला, बरोबर बायको बनुबाई. तिनं आधी अंगणातला हातपंप हाणला. दोन दांड्यांत पाणी आलं तशी पोरीसारखी हसली. "आवं, बघा की. हितं तर पानी हाताला लागतंय."

"नदी किती लांब म्हनायची?" नाथाजीनं विचारलं.

"हाकंवर," लालासाहेब म्हणाला.

"ऑगस्टात हाक मारायची गरज न्हाई," मी म्हणाले. "तीच घरात येती. काका, आमचा लाइटीचा मीटर कुठं हाय बघा जरा."

नाथाजीनं मान वर केली. मीटर वरच्या मजल्यावर, खिडकीशेजारी. मग त्यानं समोरच्या घराचा बघितला, त्याच्या पलीकडचा बघितला. "आगा गा. शिडी लावून रीडिंग घेत्यात व्हय?"

"एकदाच आला हुता पूर," लालासाहेब हसला. "पोरगी नवी हाय धंद्यात. बोलायचं वळण न्हाई अजून."

काळा ऑइलपेंट मी सकाळीच आणून ठेवला होता. खुर्चीवर चढले आणि दाराच्या चौकटीवर वीतभर जागा सोडून पिस्ता भिंतीवर रेघ ओढायला लागले. डाग झाकला होता, पण जागा मला पाठ होती.

"नूरीन, खाली उतर. तुजं घरबी मरतंय यात."

"मरू दे. माझं एक मरतंय, तुमचे तीन."

अम्मी दारात उभी होती. ओढणीवर काळा थेंब पडला तरी हलली नाही. नाथाजी रेघेखाली येऊन उभा राहिला, हात सरळ वर केला. बोटं कशीबशी पोचली. बनुबाईनं चप्पल घातली. "चला. आपल्याकडं तानंनं मरत्यात, पन घरात कोन बुडत न्हाई."

गाडी गेली तसा लालासाहेब म्हणाला, "आता ह्या गल्लीत तुज्या दारात कोन थुकायला यायचं न्हाई."

मी खुर्ची उचलली आणि त्याच्या प्लॉटांच्या कंपाउंडाकडं गेले. रेघ त्या भिंतीच्याही वर जात होती, म्हणून विजेच्या खांबांवर ओढली. एकेका खांबावर. तो मागं मागं शिव्या देत चालला होता. गल्ली दारात येऊन बघत होती. मला कुणी अडवलं नाही, शाबासही म्हटलं नाही. त्यांनाही घरं विकायची होती.

आमचं घर खपलं नाही. अम्मी अजून बोलत नाही, नुसतं ताट सरकवते. लालासाहेबाच्या तिन्ही प्लॉटांत बाभळी माजल्यात. रोज सकाळी कट्ट्यावर टेबल मांडून मी त्या बाभळी बघत बसते. चहा गोड लागतो.