सहा बोटं उंच

मी ओटा बोलतोय, म्हणजे खरं तर एक लांबरुंद लाकडी टेबल. सगळं एका दमात सांगणं मला जमत नाही, मध्येच तंद्री लागते. लाकडाला ती खोड असतेच, मला जरा जास्तच आहे.

आधी मी एका शिंप्याकडे कपडे बेतायच्या कामाला होतो. कापड अंगावरून सळसळत जायचं, खडूच्या रेघा उमटायच्या, पुसल्या जायच्या. कुणाचा लग्नाचा कोट, कुणाचा शाळेचा पहिला गणवेश. मी अर्धवट झोपेत ऐकायचो आणि ते कपडे घालून माणसं कुठे कुठे जात असतील, याची स्वप्नं बघायचो. शिंपी थकला, त्याने दुकान आवरलं आणि एका दुपारी ताई मला न्यायला आली.

ताई अकरा वर्षं एका ऑफिसच्या कँटीनमध्ये रोज तीनशे माणसांचा स्वयंपाक करत होती. आता नोकरी सोडून तिला लहान मुलांना स्वयंपाक शिकवायचा होता. असे क्लास ठिकठिकाणी चालवणारी एक कंपनी होती. तिचं नाव आणि पद्धत घ्यायची, जागा आपली, मेहनत आपली. कंपनीने नियमांचं जाडजूड पुस्तक पाठवलं होतं. हात किती वेळ धुवायचे, सुरी कशी धरायची, वय सात वर्षं पूर्ण हवं, सगळं त्यात होतं. आणि तपासणीत पास झाल्याशिवाय दारावर पाटी लावायची नाही, हेही होतं.

नवरा म्हणाला, "घरात स्वतःचं ताट न उचलणारी पोरं सुट्टीच्या दिवशी कांदा चिरायला येतील होय?"

"येतील," ताई म्हणाली. तेवढंच. पण माझ्यावरची खडूची एक जुनी रेघ ती बोटाने पुसत राहिली.

माझी उंची मुलांच्या बेताची करायचं काम ताईच्या भावाकडे आलं. तो सुतार. ताईच्या साडेसहा वर्षांच्या मुलीचा लाडका मामा. ही मुलगी तिखट बोलायची आणि चणीने एवढीशी, म्हणून मामाने तिचं नाव मिरी ठेवलं होतं. पुस्तकात लिहिलं होतं, टेबल सात वर्षांच्या मुलाच्या कोपराखाली चार बोटं हवं.

"सात वर्षांचं पोर आता कुठे शोधू? आपली मिरी उभी कर. सहा महिन्यांचा तर फरक," मामा म्हणाला. ताईला तेवढ्यात फोन आला आणि ती बाहेर गेली.

मिरी आईचा ॲप्रन घालून आली. जमिनीपर्यंत लोळणारा. मामाचं सगळं लक्ष कोपराकडे, पेन्सिल कानावर. त्या ॲप्रनच्या आत काय चाललंय ते फक्त मला दिसत होतं. मिरी कंपनीच्या त्या जाड पुस्तकावर उभी होती आणि वर टाचाही उचलल्या होत्या. मी करकरून सांगू शकलो असतो. पण मला वाटलं, पोरीला मोठं व्हायचंय, होऊ दे. दुपारचं ऊन तिरपं आत आलं होतं, भुसा हवेत तरंगत होता, आणि माझे पाय कापले जात असताना मला चक्क डुलकी लागली. नंतर ताई अर्धा तास घरभर पुस्तक शोधत होती.

तपासणीच्या दिवशी शेजारपाजारची आठ मुलं आली. काकडी, टोमॅटो, उकडलेले बटाटे, सगळं मांडलेलं. कंपनीच्या बाई कोपऱ्यात वही घेऊन उभ्या. ताईने "सुरू करा" म्हटलं आणि आठही मुलं माझ्याभोवती येऊन उभी राहिली. कोपरं माझ्यावर चढवावी लागत होती. एकाची हनुवटी जवळजवळ टोमॅटोला लागली. एका मुलीने सुरी धरली ती खांद्याच्या उंचीवर.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी टेप काढला. "सहा बोटं उंच आहे. या उंचीवर मुलांच्या हातात सुरी देणं धोक्याचं आहे. मला पास करता येणार नाही."

मामाचा चेहरा उतरला. "मी स्वतः मोजलंय हो," तो म्हणाला. ताईने मुलांच्या हातातल्या सुऱ्या एकेक करून काढून घेतल्या. अकरा वर्षांची नोकरी सोडून ती आली होती, आणि चूक तिची नव्हतीच. त्या दुपारच्या माझ्या डुलकीची मला फार लाज वाटली.

तेवढ्यात माझ्या खालून मिरी बाहेर आली. ती मघापासून तिथे बसून ॲप्रनचं टोक चावत होती.

"मामाचं काही चुकलं नाही. मी पुस्तकावर उभी होते," ती म्हणाली. "टाचा पण वर केल्या होत्या."

"का गं?" ताईने विचारलं.

"तू म्हणालीस सात झाल्याशिवाय क्लासला घेणार नाही. मला वाटलं, सातइतकी उंच दिसले तर घेशील."

मामा करवत आणायला उठला. "दहा मिनिटांत कापून देतो."

"नको," बाई म्हणाल्या. "खरं तर सगळ्या शाखांत एकसारखं पांढरं टेबल असतं. तुमचं चालवून घेणार होते, पण आता ते नापास झाल्यावर नाही घेता येणार. पंधरा दिवसांत आमचं टेबल लावा, पाटीची परवानगी देते."

ताईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या बाजूने ती काहीतरी बोलेल, अशी मला आशा होती.

"लावते," ती म्हणाली.

खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. पण मीही तिच्या जागी तेच म्हणालो असतो.

आता दारावर पाटी आहे आणि क्लास भरलेला असतो. मी दाराबाहेर व्हरांड्यात असतो. मुलांना न्यायला आलेले आईबाप माझ्यावर बसतात. एक गृहस्थ दर वेळी सांगतात, आमचा चिरंजीव घरी पाण्याचा पेलासुद्धा उचलत नाही. मग चिरंजीव वाटी घेऊन बाहेर येतो आणि हे मुकाट्याने खातात. आतून भांड्यांचे, हसण्याचे आवाज येतात, माझे डोळे जड होतात आणि मला माझ्यावरच मुलं स्वयंपाक करताहेत अशी स्वप्नं पडतात.

मिरीला अजून आत जाता येत नाही. परवा क्लास सुटल्यावर सगळे गेले, तेव्हा ती माझ्यावर मांडी घालून बसली होती. तिने लोण्याच्या बोथट सुरीने काकडी चिरून सँडविच केलं होतं. ताई बाहेर आली, दमलेली. आत तिला प्रत्येक मुलाचा पदार्थ चाखून "छान जमलंय" म्हणावंच लागतं, तसा नियमच आहे. ती मिरीशेजारी टेकली.

"खरं सांग हं," मिरी म्हणाली.

ताईने घास घेतला. बराच वेळ चावला. "मीठ जास्त झालंय. काकडी जाड आहे."

मिरीने ताट मागे ओढलं आणि दुसरी काकडी घेतली. "मग कशी चिरू?"

"अशी धर," ताई म्हणाली. तिने चपला काढल्या, पाय वर घेतले, आणि मिरीच्या हातावर आपला हात ठेवला.

मला इथून कुणी हलवू नये, एवढंच माझं मागणं आहे. निदान ती काकडी चिरून होईपर्यंत.