तिसरी घंटा चार वाजता

रविवार, दिनांक १२ जानेवारी २०२५ रोजी सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सुरतेच्या उधना भागातील आमच्या खानदेशी मंडळाच्या सभागृहातून एकशे अठ्ठेचाळीस तरुण एकदम उठून गेले. रंगमंचावर योगिता गात होती. तिने पद अर्धवट सोडले नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोर पूर्ण केले.

योगिता साडी-फोल्डिंगच्या कारखान्यात काम करते. आपल्या वयाच्या मुलांना संगीत नाटक परके वाटू नये म्हणून दोन वर्षे खपून तिने हे नाटक लिहिले. राग जुनेच ठेवले, शब्द अहिराणी आणि ठेका मागाचा. पडदा, दिवे आणि घंटा माझ्याकडे असतात.

दारात मी चेतनला अडवले. तो सचिन औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला माग चालवतो.

"नाटक आवडले नाही का रे?"

"नाना, सातनी पाळी शे. गाणं रंगात उनं तवय उठनूत. आमले काय हौस शे का?" सातची पाळी गाठायची म्हणून गाणे ऐन रंगात आले असताना त्यांना उठावे लागले होते.

दुसऱ्या दिवशी कार्यकारिणी बसली. अध्यक्ष भूपेंद्रभाऊंनी निकाल आधीच लावला होता.

"तरुणांना अभिरुचीच नाही, नाना. त्यांना डीजे पाहिजे. हा तरुणांचा नाट्यविभाग बंद करू या."

योगिता खाली मान घालून बसली होती. माझे मस्तक तापले. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन मी चौतीस वर्षे मागांची देखभाल केली. माग बंद पडला की सुताला शिव्या देणारा माणूस मी हाताखाली कधी ठेवला नाही. आधी यंत्र तपासावे, हा नियम. मी टिपणवही उघडली.

"कार्यक्रम चारचा. दीपप्रज्वलन आणि भाषणे, तीस मिनिटे. सतरा सत्कार, साठ मिनिटे. तिसरी घंटा साडेपाचला. मुलांना नाटक मिळाले चाळीस मिनिटे. अभिरुची कोणाची तपासायची?"

"सत्कार नाही केले तर पाहुणे रुसतील ना!" चिटणीस उषाबाई म्हणाल्या.

"त्या पाहुण्यांत अध्यक्षांचे दोन मेहुणे होते, ताई. धाकट्यांना तर गेल्या वर्षीही शाल दिली आहे. एवढी थंडी सुरतेत पडते का?"

कोणीतरी हसले. भूपेंद्रभाऊ हसले नाहीत. शेवटी ठरले की एक प्रयोग आणखी करायचा. आलेल्या तरुणांपैकी निम्मे शेवटपर्यंत बसले नाहीत, तर तरुणांचे नाटक कायमचे बंद. सत्कार "थोडक्यात" होतील, असा शब्द अध्यक्षांनी दिला.

नऊ फेब्रुवारी, रविवार. चारला दहा कमी असताना भूपेंद्रभाऊ शालींचे तबक घेऊन विंगेत आले.

"थोडक्यात म्हणजे किती?" मी विचारले.

"चौदाच!"

चौदाच! बारा तास मागापुढे उभे राहणाऱ्या मुलांची झोपेची वेळ मोडून त्यांना बोलवायचे, त्यांच्यासमोर आपल्याच सोयऱ्यांना नारळ द्यायचे, आणि ती उठली की त्यांना अडाणी ठरवायचे. हे अनेक वर्षे चालले होते. घंटा मीच वाजवत होतो, म्हणून त्यात माझाही दोष होता.

मी घड्याळ पाहिले. चार वाजले. तिसरी घंटा दिली आणि पडदा ओढला.

"नाना! मी अध्यक्ष आहे!"

"आहात. म्हणूनच हळू बोला, नाटक सुरू झाले आहे."

"उद्यापासून तुम्ही समितीत नाही!"

"चालेल. दिव्यासमोरून बाजूला व्हा."

योगिता क्षणभर बावरली, मग तिने सूर लावला. दुसऱ्या पदाला मागच्या रांगांतून मांड्यांवर ठेका पडू लागला. ज्या रागाला मुले कंटाळतात असे आम्हाला सांगितले जात होते, त्याच रागातल्या पदाला त्यांनी दोनदा 'वन्स मोअर' दिला. भूपेंद्रभाऊ तबक कवटाळून विंगेत उभेच राहिले. त्यांना बसा म्हणण्याची माझी इच्छा झाली नाही.

सहाला पाच कमी असताना पडदा पडला. मी रांगेनुसार मोजणी केली. आलेले तरुण एकशे एकाहत्तर. शेवटपर्यंत बसलेले एकशे बावन्न.