राणोजींची थैली

"सर, हिच्यात कुकीज किती मावतील?" जेफ्रीने विचारले.

बहरीनच्या हूरा भागातल्या हॉटेलच्या लॉबीत जुन्या पलटणीच्या खाकी गणवेशात उभ्या असलेल्या जयप्रकाश शेलारांनी खांद्यावरच्या थैलीवर हात ठेवला. जेफ्री वसईचा, या हॉटेलचा बँक्वेट मॅनेजर. माणूस वाईट नव्हता. रिकामी जागा दिसली की तीत काहीतरी खाण्याजोगे भरल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, इतकेच.

"कुकीज?"

"गेस्ट आत येताना तुम्ही थैलीतून एकेक काढून द्यायची. काय भारी दिसेल! आणि जरा चहाचं पाणी मारू या का हिच्यावर? फारच कोरी वाटते. युद्धातली वाटायला नको?"

"कोरीच होती. पलटण अजून बोटीवर होती, जेफ्री. युद्ध पुढे होतं."

पहिल्या महायुद्धात, १९१४च्या ऑक्टोबरात, इराकमधल्या बसऱ्याकडे निघालेली फौज याच बहरीनसमोर नांगर टाकून थांबली होती. तीत मराठा पलटण होती, आणि पलटणीत जयप्रकाशांचे पणजोबा, शिपाई राणोजी शेलार. ते परतले नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायाचे नाव कोरले गेले. राणोजींसारख्यांच्या वाट्याला पलटणीचे नाव आणि त्यापुढे मेलेल्यांचा एक आकडा आला. साम्राज्याची शिस्त मरणानंतरही ढिली पडत नसे.

जुने गणवेश चढवून इतिहास उभा करणारा हौशी मंडळींचा एक गट इथे, राजधानी मनामात, होता. यंदाच्या स्मृतिभोजनात राणोजींचे नाव मंचावरून वाचू, असा शब्द त्या गटाने जयप्रकाशांना दिला होता. अट एकच: साज अस्सल हवा. मग बँकेतून आल्यावर जयप्रकाश संग्रहालयांतली छायाचित्रे समोर ठेवून, राणोजींच्या खांद्यावर असेल तशी थैली शिवायला जाड ड्रिलच्या कापडावर वाकून बसू लागले. दोऱ्याला मेण चोळायचे, उलटी टीप घालायची, टाका तिरका गेला की उसवायचे.

"अहो, घरात मशीन आहे," त्यांची बायको पूर्णिमा म्हणाली होती. "एका दुपारचं काम."

"पलटणीचा दर्जी हाताने शिवायचा."

"त्याला पगार होता. तुमची बोटं बघा, चाळणी झाली." तिने अंगुस्तान त्यांच्या बोटात बसवले. "आणि एवढं करून नाव नाही वाचलं तर?"

"शब्द दिलाय त्यांनी."

"भोळे आहात तुम्ही," असे म्हणून ती भाजी चिरायला गेली होती.

"नावं कधी वाचणार?" आता जयप्रकाशांनी जेफ्रीला विचारले.

जेफ्री मोबाइलकडे बघू लागला. "ते खलास झालं, सर. स्पॉन्सरचं भाषण वाढलं ना. गटाच्या साहेबांनीच कट केलं. पण तुम्ही गेटवर, एकदम फ्रंटला! यल्ला, चला चला, गाड्या आल्या."

गणवेश उतरवून घरी जाता आले असते. पण जयप्रकाशांचा राग इतका थंडगार होता, की त्यात घाईला जागाच नव्हती. १९१४ साली साहेबलोकांना लढायला शिपाई लागला, आता वाढायला लागत होता. शतकभरात प्रगती झाली नाही असे कोण म्हणेल? त्यांनी थैलीचे झाकण उघडून धरले.

"भर."

पहिली पाहुणी आली. जयप्रकाशांनी तिच्या तळहातावर कुकी ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हटले, "शिपाई राणोजी शेलार, मराठा पलटण."

"थँक यू, राणोजी," बाई मायेने म्हणाल्या.

दुसरा आला. पुन्हा कुकी, पुन्हा नाव. "नाइस टु मीट यू, राणोजी." कोणी दंडावर थोपटले, कोणी सेल्फी घेतला.

"अहो शेलार!" त्यांच्याच बँकेतला जयेश बायकोसह समोर उभा होता. "हे काय? पार्टटाइम सुरू केलंत की काय?"

"शिपाई राणोजी शेलार, मराठा पलटण."

जयेशचे हसू ओठांवरच थिजले. त्याने कुकी घेतली. दारातून आत जाता जाता तो बायकोच्या कानाशी लागला.

दरवाजे मिटले. आत भाषण सुरू झाले. थोड्या वेळाने जेफ्री धावत बाहेर आला.

"सर, सुपरहिट! आत सगळ्या टेबलांवर तुमचंच नाव चाललंय. म्हणतात, राणोजीला पाठवा, कुकीज संपल्या."

लॉबीतल्या सोफ्यावर बसून जयप्रकाशांनी थैली आतली बाजू बाहेर येईल अशी उलटवली, आणि शिवणीत अडकलेला साखरेचा चुरा ते नखाने एकेका टाक्यातून काढू लागले.