पितृपक्ष संपेपर्यंत

कायम वास्तव्याचा अर्ज मंजूर झाल्याचं कळलं, तेव्हा उत्तरा ऑफिसातून येताना पेढेच घेऊन आली. आता फक्त आईबाबांचे पासपोर्ट नेऊन द्यायचे. त्यांवर शिक्का बसला की दोघांनाही इथल्या सरकारी हॉस्पिटलात फुकट उपचार. तोवर ते पाहुणेच, आणि पाहुण्यांच्या आजारपणाचा सगळा खर्च लेकीच्या डोक्यावर.

"उद्याच देते," उत्तरा म्हणाली.

"उद्यापासून पितृपक्ष," शकुंतलाबाई म्हणाल्या. "आता घटस्थापनेलाच."

"आई, इमिग्रेशनवाल्यांना कुठले आलेत पितर!"

"त्यांना नसतील. आपल्याला आहेत."

शकुंतलाबाईंनी एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी उपयोग नसे. गोपीनाथरावांनी मुकाट मान डोलावली आणि पासपोर्ट देवापुढे गेले. ऑकलंडात कावळे नाहीत. बाई रोज कुंपणावर घास ठेवत आणि साळुंक्या तो उचलून नेत. पितरांनी परदेशात एवढं चालवून घ्यावं, असं त्या स्वतःला समजावत.

चतुर्दशीला सकाळी गोपीनाथराव बाथरूमच्या दारात कोसळले.

अ‍ॅम्ब्युलन्स आली, हॉस्पिटलनं लगेच आत घेतलं. कुणी अडवलं नाही. काउंटरवरच्या बाईनं तेवढं हळुवारपणे विचारलं, "रेसिडेंट आहेत का?"

"नॉट येट," उत्तरा म्हणाली. शकुंतलाबाईंना इंग्रजी बेताचंच येत होतं, पण हे नीट कळलं. लाजेनं त्यांना मान वर करवेना.

दुपारी डॉक्टरांनी सांगितलं, झटका आज आला नव्हता. तीन-चार दिवसांपूर्वीच येऊन गेला होता. तेव्हाच आणलं असतं तर हृदय वाचवता आलं असतं. आता फार थोडं उरलं होतं.

शकुंतलाबाई खाटेशी बसल्या.

"अहो, चार दिवस छातीत दुखतंय आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत? मी काय परकी होते?"

"बोललो असतो तर उत्तरानं इथं आणलं असतं. शिक्क्याआधी. पोरगी बुडाली असती."

"मग पासपोर्ट द्या म्हणायचं होतंत! मी अडवलं असतं का?"

गोपीनाथरावांनी बायकोचा हात चाचपला. त्यांना धाप लागली होती.

"तुझं मन मोडवेना. आणि परवाच तर घटस्थापना होती गं."